मॅनेजरची तहान

सर्व नागरिकांना याद्वारे अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्वी कुणी पाहिलेला नाही, पुढे होण्याची चिन्हं नाहीत. याबद्दल कुणाची हरकत असल्यास ती त्यांनी आपापल्या घरी, जेवण झाल्यावर घ्यावी.

एवढ्या गंभीरपणे सांगायचं कारण असं की, आमच्या सेलूच्या फोटो स्टुडिओत काही महिने एक ऑक्टोपस नोकरीला होता. पाळलेला नव्हे, नोकरीला. त्याला कामाची वेळ होती, कामाचा मोबदला होता, आणि माझ्यापेक्षा त्याला गिऱ्हाईक जास्त होतं. त्याच्या त्या नोकरीतल्या एका दुपारबद्दल मी आजवर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर मयतीला गेलो असतानाही सांगितलंय. प्रत्येक वेळी लोक हसतात. मीही हसतो. पण त्या दुपारी मला हसू आलं नव्हतं.

त्याला आणला माझ्या साळ्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. गावोगावच्या मैदानांवर तंबू ठोकून समुद्रातले मासे दाखवणारी प्रदर्शनं असतात ना, तशा एका प्रदर्शनात तो बरीच वर्षं टाक्या सांभाळायला होता. ते प्रदर्शन बंद पडलं. मासे विकले गेले, काचा विकल्या गेल्या, ऑक्टोपस मात्र कुणी घेईना. कारण तो झाकण उघडून फिरायला जातो, अशी त्याची ख्याती होती. मालक म्हणाला, सोडून दे. पण मध्य भारतात ऑक्टोपस सोडायचा कुठे? नाल्यात? साळ्याने त्याला पाण्याच्या पेटीत घातलं, पेटी मांडीवर घेतली आणि रेल्वेने थेट वर्धा गाठलं. टाकी मागून टेम्पोने आली.

"अवं माय! हे काय आनलं रे?" बायको दारातच ओरडली.

"ताई, काई दिवस राहू दे. याले थंड पानी लागते. भाऊजीच्या स्टुडिओत एसी हाय."

माझी आई पुढे झाली. चष्मा सारखा केला. पेटीत डोकावली. पेटीतून एक डोळा तिच्याकडे बघत होता, आडव्या बाहुलीचा, बकरीसारखा.

"खाते काय हे?"

"खेकडे, माय. झिंगे."

आमची आई माळकरी. घरात अंडं यायचं ते कागदात गुंडाळून, मागच्या दाराने, चोराच्या पावलांनी. तिने पदर नाकाला लावला आणि आत जाऊन देवासमोर बसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला ओळखीचं होतं. त्याचा अर्थ असा की, माझा भाऊ नोकरी जाऊन आलाय, जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि या जगात त्याला ज्याची काळजी आहे ते एवढं एकच आहे. तेव्हा तुम्ही तोंड उघडू नका.

मी तोंड उघडलं नाही.

स्टुडिओ म्हणजे काय, घराच्याच पुढच्या भागातली एक लांबट खोली. एका टोकाला पांढरा पडदा आणि स्टूल, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. टाकी ठेवायला जागा उरली ती कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या पाठीशी. तिथे ती बसली. तिचा पंप, तिचं पाणी गार ठेवायचं यंत्र, सगळं सुरू झालं, आणि माझ्या स्टुडिओत पहिल्यांदाच समुद्राचा वास आला. तो समुद्राचा आहे हे मला साळ्याने सांगितलं. मला तो ओल्या पोत्याचा वाटला.

मग एक दिवस एक बाई लहान पोराचा फोटो काढायला आली. कसल्याशा कागदपत्रासाठी हवा होता. आता लहान पोरांचे फोटो हा माझ्या धंद्यातला सगळ्यात कठीण प्रकार. मी कॅमेऱ्यामागून तोंड काढलं की पोट्टं रडतं. खुळखुळा वाजवला की मान वळवतं. आई हसवायला गेली की तिचाच हात फोटोत येतो. ते पोरगंही माझा चेहरा बघून गळा काढणार, तोच एकदम गप्प झालं. तोंडाचा चंबू, डोळे विस्फारलेले, नजर सरळ माझ्या खांद्यावरून मागे. मी बटण दाबलं. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. मागे वळून बघतो तर साहेब काचेला चिकटलेले, आणि विटकरी रंगाचे हळूहळू पांढरट ठिपक्यांचे होत चाललेले.

साळा कोपऱ्यात बसला होता. तो उठला, त्याने चिमट्याने एक झिंगा टाकीत दिला. तेव्हापासून रीतच पडली. पोर रडलं की साहेब टाकीतल्या दगडांच्या बिळातून बाहेर. पोर गप्प, फोटो, झिंगा. पुढे पुढे तर स्टूल ओढल्याचा आवाज झाला तरी तो हजर व्हायचा. स्टुलावर मोठं माणूस बसलंय असं दिसलं की परत आत. त्याला पासपोर्ट साइजच्या मोठ्या माणसांत काडीचा रस नव्हता. मलाही नसतो, पण मला असं आत जाता येत नाही.

'मॅनेजर' हे नाव एका गिऱ्हाइकाने ठेवलं. "काचेच्या केबिनमंधी बसून राह्यते, सगळ्याईवर डोळा ठेवते, अन् कधी लाल होईन त्याचा नेम नाई. आमच्या ब्यांकेचा मॅनेजर असाच हाय." झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारत यायचे, "मॅनेजर हायेत का? पोट्ट्याचा फोटो काढाचा व्हता."

हिंगणीहून एक मावशी बोर धरणातले खेकडे आणून द्यायची. ती रस्त्यातूनच ओरडायची, "काऊन भाऊ, माळकऱ्याच्या घरी रोजचे खेकडे? बुडीले सांगू का?" आणि आमची बुडी, म्हणजे आई, आतून ओरडायची, "म्याच मंगवले! ठेव तिथं, अन् हात धुऊन पानी पेजो!"

हो. आईचं तोवर सगळं बदललं होतं. आधी ती स्टुडिओतून जाताना पदर नाकाला लावायची. मग पदर खाली आला. मग ती स्टूल घेऊन टाकीसमोर बसू लागली आणि बिळाकडे बघून आमच्या सगळ्यांच्या चुगल्या सांगू लागली. सुनेने भाजीत मीठ जास्त टाकलं, मुलगा ऐकत नाही, गुडघा दुखतो. तो बिळाच्या तोंडाशी येऊन एक हात काचेवर टेकवायचा. "आयकते," आई म्हणायची. "तुमच्यापरीस बरं आयकते."

एकदा त्याने आपली ख्याती खरी केली. एका मोठ्या कुटुंबाचा फोटो होता. आजोबा मधोमध, मुलं-सुना भोवती. मी फोकस करत होतो आणि सगळ्यांचे चेहरे हळूहळू वाकडे होत होते. शेवटी आजोबांनीच हात वर केला आणि मला म्हणाले, "थांबा फोटोवाले. सरका रे जरा, अजून एक जन येऊन राह्यला." मॅनेजर झाकण उघडून भिंतीवरून उतरत होता. साळ्याने धावत येऊन त्याला ओल्या फडक्यात घेतलं. लोक हसले. साळा हसला नाही. त्याने झाकणावर विटा ठेवल्या, आणि त्या पुन्हा पुन्हा दाबून पाहिल्या.

त्या संध्याकाळी तो मला पहिल्यांदा सलग काहीतरी बोलला. "भाऊजी, याचं आयुष्यच थोडं असते. वर्ष, दीड वर्ष. ते मले मालूम हाय. त्याच्या मरनानं मेला त मी रडनार नाई. पन आपल्या चुकीनं नाई मेला पायजे. तेवढं सांभाळू."

तेवढं सांभाळू! केवढं सोपं वाक्य. ते वाक्य माझ्या उशाशी येऊन बसलं. फेब्रुवारी सरला आणि आमच्या भागातला उन्हाळा काय असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझी अवस्था सांगायला नको. जिथे डांबर पायाला चिकटतं तिथे एका समुद्री प्राण्याचं पाणी गार ठेवायचं. लाइट गेली की मी टाकीपाशी धावायचो. इन्व्हर्टरवर पंप चालायचा, पण पाणी गार करणारं यंत्र नाही. लाइट आली की मी आधी देवाला आणि मग वायरमनला नमस्कार करायचो. साळ्याने नियम घालून दिले होते. डासांची कॉइल लावायची नाही, अगरबत्ती लावायची नाही, साबणाचा हात घालायचा नाही. बाहेरून आलेला पाहुणा जास्त अत्तर लावून आला तर मी त्याला व्हरांड्यातच बसवून बोलायचो. बायको म्हणायची, "तुम्ही आपल्या पोराच्या वेळंला एवढे भ्यालते का?" नव्हतो भ्यालो, आणि ते पोर आता बाहेरगावी कॉलेजात आहे. पोर रडून सांगतं. हा काही सांगतच नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट. अक्षय तृतीया होती, आमची अखजी.

आमच्याकडे त्या दिवशी पाणी द्यायचं असतं. पितरांच्या नावाने मातीची भांडी भरायची, आणि जो तहानलेला भेटेल त्याला पाणी पाजायचं. त्या दिवशी दिलेल्या पाण्याचं पुण्य संपत नाही म्हणतात. आईने वडील गेल्यापासून हा दिवस कधी चुकवला नाही. आदल्या संध्याकाळी ती तांब्याचा मोठा गुंड, म्हणजे हंडा, चिंचेने घासून लख्ख करते, भरून ठेवते. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी म्हणजे अमृत, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं.

साळा सकाळच्या एसटीने नागपूरला गेला होता. समुद्राचं पाणी बनवायचं खास मीठ तिथे पार्सलने आलं होतं, ते आणायचं होतं. जाताना दारात थांबला, परत आला, टाकीत डोकावला, परत दारात गेला. "जा रे बाबा," मी म्हटलं, "मी हाय ना!" माझा तो 'मी हाय ना' मला आजही ऐकू येतो.

ऊन चढलं आणि लाइट गेली. मी पंपाचा आवाज ऐकत बसलो होतो, तेवढ्यात एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. जावळ काढायच्या आधीचा फोटो हवा होता. खिडकीतला उजेड पुरेसा होता. मी स्टूल ओढलं. बाळाने गळा काढला. मी नेहमीसारखा कॅमेऱ्याला डोळा लावून थांबलो, की आता गप्प होईल, मग होईल. बाळ गप्प होईना. रडून रडून लाल झालं.

"मॅनेजर सुट्टीवर हायेत का आज?" बाळाचा बाप हसत म्हणाला.

मी मागे वळलो.

तो बिळाबाहेर होता, पण काचेजवळ नव्हता. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, झाकणाखाली, जसा कुणी भिंतीला पाठ लावून बसावा तसा. रंग गेलेला. पांढरा, राखेसारखा पांढरा, असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. हातांची टोकं आत वळलेली. आणि त्याचं ते अंग भरभर फुगत होतं, मिटत होतं, धापा टाकल्यासारखं. दोन हात झाकणाच्या फटीतून बाहेर आले होते आणि विटेला चाचपत होते.

मी त्या जोडप्याला काय सांगितलं आठवत नाही. ती बिचारी माणसं "काई नाई, उद्या येतो" म्हणत गेली. मी साळ्याला फोन लावला. लागेना. परत लावला. लागला.

"पांढरा पडला? धापा टाकून राह्यला?" त्याचा आवाज बारीक झाला. मागे बसस्टँडचा गोंगाट. "भाऊजी, पान्यात काई गेलं. काय गेलं? इचारा घरात. फवारा मारला कोनी? साबन?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली होती. तिने मान हलवली. नाही. काही नाही.

तेवढ्यात आई आतून आली, रिकामा गुंड कडेवर घेऊन. शांत, तृप्त, पुण्य करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

"काय झालं बाबू?"

"माय, टाकीत काई टाकलं कोनी?"

"टाकलं नाई कोनी. म्या पानी देल्लं त्याले."

मी आधी टाकीकडे पाहिलं, मग गुंडाकडे.

"पानी? माय, तो पान्यातच हाय!"

"खाऱ्या पान्यात हाय!" आईने मलाच झापलं. "दिवसभर मिठात राह्यते ते लेकरू. तुमी एक चिमूट मीठ जास्त झालं त गिलासभर पानी पेता. त्याले तहान लागत नसंन? आज अखजीच्या दिवशी गायीले पानी देल्लं, कावळ्याले देल्लं, रस्त्यानं जाणाऱ्या त्या पोस्टमनले देल्लं, अन् घरातल्याले ठेवू तहानलेलं? तू मघाशी आत गेलता तवा झाकनाच्या फटीतून गुंडभर देल्लं. तांब्याचं, रातचं भरलेलं."

जगात समुद्राकाठी कोट्यवधी माणसं राहत असतील. त्यांच्यापैकी एकाच्याही मनात हा विचार आला नसेल की समुद्रातल्या जनावराला तहान लागते. त्याला आमच्यासारखी माणसं पाहिजेत, उन्हाळाभर पक्ष्यांसाठी वाडगी भरणारी, दारात आलेल्याला नाव विचारायच्या आधी पाणी विचारणारी. मला तिच्यावर ओरडता येईना. मी फोनमध्ये म्हटलं, "मायनं गोडं पानी देल्लं. गुंडभर."

"गोड्याचं पाहून घेऊ," साळा म्हणाला. "गुंड कायचा?"

"तांब्याचा. रात्रभर भरलेला. चिंचेनं घासलेला."

साळा म्हणाला, "भाऊजी, त्याच्या रक्तात तांबं असते. पन पान्यातलं तांबं त्याले जहर हाय. त्याले आत्ताच्या आत्ता त्या टाकीतून काढा. मांगच्या खोलीत निळा ड्रम हाय, त्यात तयार पानी हाय. पन ते तापलं असंन. थंड करा. बर्फ आत टाकू नका, बाटल्याईत भरून टाका. मी निंगालो." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ओढू नका त्याले. येऊ द्या."

हे सगळं फोनच्या स्पीकरवर चाललं होतं. आईने सगळं ऐकलं. जहर हा शब्दही ऐकला. तिने गुंड खाली ठेवला. ठेवला म्हणजे तो तिच्या हातातून सुटलाच, आणि घरंगळत स्टुलाखाली गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

मी शेजारच्या रसवंतीत धावलो. "बर्फ दे. सगळा दे."

"काऊन? मॅनेजर सायबाची पार्टी हाय का?" रसवाला म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने पुढे काही विचारलं नाही. पोत्यात गुंडाळलेली अख्खी लादी त्याने खांद्यावर टाकली आणि माझ्या मागे पळत आला. बायकोने घरातल्या होत्या नव्हत्या त्या प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या. आम्ही बर्फ फोडून आत कोंबायला लागलो. आई पुढे आली, तिने एक मोठा तुकडा उचलला आणि तो सरळ ड्रममध्ये टाकायला हात वर केला. आम्ही तिघंही एकदम ओरडलो. तिचा हात तसाच हवेत राहिला. बर्फ तिच्या मनगटावरून वितळत कोपरापर्यंत आला. तिने तो तुकडा हळूच खाली ठेवला आणि त्या क्षणी मला ती खूप म्हातारी दिसली.

ड्रममध्ये बाटल्या सोडल्या, पंपाची हवेची नळीही सोडली. हात घालून पाहिला, परत पाहिला. गार झालंय का? किती गार म्हणजे गार? साळ्याचं मापाचं यंत्र होतं, ते कसं बघायचं मला येत नव्हतं. बायको म्हणाली, "पयलेच्या पान्यासारखं लागते. काढा त्याले."

मी विटा उतरवल्या, झाकण काढलं. गावभर सांगत फिरणारा मी, की मॅनेजर आपला दोस्त आहे, मॅनेजर आपल्या इशाऱ्यावर नाचतो, त्या मी आजवर त्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. बाह्या वर केल्या. हात पाण्यात घातला. तो जवळून फारच मोठा होता. माझा हात त्याच्यापासून वीतभर लांब थांबला. तो आला नाही. तो आणखी कोपऱ्यात सरकला, आणि त्याचा एक हात पाण्यात लुळा लोंबला.

"सरक," आई म्हणाली.

तिने पदर खोचला. हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या कोपराकडे ढकलल्या. रसवंतीच्या माणसाने स्टूल आणलं, ती त्याच्यावर चढली, एका हाताने माझा खांदा धरला आणि दुसरा हात पाण्यात सोडला. चिमटा नाही, फडकं नाही. तळहात उघडा, वर केलेला, जसं लहान पोराला बोलावतात.

"ये बाप्पा," ती म्हणाली. "चुकली मी. ये."

माझ्या खांद्यावर तिची बोटं रुतली होती. बराच वेळ काही झालं नाही. मग तो लुळा लोंबणारा हात हलला. त्याचं टोक तिच्या अंगठ्याला लागलं. मागे गेलं. परत आलं. आणि मग एक एक करत त्याचे हात तिच्या मनगटावर आले, कोपरावर आले, बांगड्यांच्या वर चढले. आई हलली नाही. आयुष्यात कधी मासा न शिवलेली माझी माळकरी आई, तिच्या हातावर ते पांढरं, गार, बुळबुळीत ओझं. तिने डोळे मिटले होते. ओठ हलत होते. बायकोने ओल्या फडक्याने खालून आधार दिला आणि आम्ही तिघं, एखादी पालखी न्यावी तसे, तिला धरून धरून मागच्या खोलीत गेलो.

ड्रममध्ये तिने हात खाली सोडला. तो सुटेना. ती वाकून उभी राहिली. कंबर दुखत असणार, पण ती म्हणाली नाही. मग तो सुटला आणि दगडासारखा तळाला गेला.

तिथून पुढे फक्त बघणं. ड्रमच्या तळाशी एक पांढरा डाग, त्याच्यावर हवेचे बुडबुडे. हलतोय? नाही, ते पाणी हलतंय. आता हलला? मी दर थोड्या वेळाने वाकून बघायचो आणि दर वेळी मला वाटायचं की तो आधीपेक्षा लहान झालाय. रसवाल्याने दुकान पोरावर सोडलं होतं, तो दारात उकिडवा बसून राहिला. मधूनच उठून बाटल्या बदलायचा. बायको साळ्याला फोन करत होती, त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. तो कुठवर आला विचारायची आणि हा कसा आहे या प्रश्नाला "हाय, हाय" एवढंच म्हणायची. तिला मी इतकं वाईट खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ऑक्टोपस गेला तर गेला, तिच्या मनात त्याच्यामागे दुसरा एक विचार होता. हा भाऊ पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल. या वेळी उठेल का?

आई जेवली नाही. ड्रमला पाठ टेकून जमिनीवर बसली. एकदा मला म्हणाली, "म्या त्याले इख पाजलं का रे, बाबू?"

"नाई, माय."

"मंग काय पाजलं?"

मी ड्रममधल्या बाटल्या बदलायला उठलो.

लाइट आली. यंत्राची घरघर सुरू झाली. उन्हं भिंतीवरून उतरून अंगणात गेली, अंगणातूनही गेली. दिवेलागणीला फाटकाचा आवाज झाला. साळा आला. खांद्यावर मिठाचं पोतं, सदरा अंगाला चिकटलेला. त्याने पोतं टाकलं आणि दारातच थांबला. आत यायचं धाडस त्याला होईना. बसमध्ये तो काय काय बघून आला असेल कोण जाणे.

आई भिंतीला धरून उठली. आम्ही कुणी बोलायच्या आत तीच बोलली, "तुया जनावराले म्या पानी पाजलं. यायनं कोनी नाई. मले बोल जे बोलाचं ते."

साळा तिच्याकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं आता फुटतो हा. रसवाला उठून उभा राहिला, वेळ आलीच तर मध्ये पडायला. पण साळा खाली वाकला, आईच्या हातावर जिथे तिथे त्याच्या पकडीचे लाल गोल वळ उमटले होते तिथे त्याने बोट टेकवलं, आणि विचारलं, "माय, तुमी उचललं त्याले? हातानं?"

"मंग कायनं उचलू?"

"आला तो? सोताहून?"

"आला. त्याले का मालूम, म्याच देल्लं म्हनून."

साळा गुडघ्यांवर बसला. ड्रमच्या कडेवर हनुवटी टेकवून त्याने खाली पाहिलं. त्याने हाक मारली नाही, पाण्यात हात घातला नाही, नुसता बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पाण्याकडे बघायची माझ्यात हिंमत नव्हती. त्या तोंडावरून मला काही कळेना. पापणीही हलत नव्हती. बायको माझ्या मागे उभी होती आणि तिने माझ्या सदऱ्याची बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवल्याचा आवाज आला.

आईला ते सहन होईना. तिने साळ्याला कोपराने बाजूला सारलं, दोन्ही हातांनी ड्रमची कड धरली आणि चष्मा पाण्याला लागेल इतकी खाली वाकली. "हाय का नाई?" ती पुटपुटली. "अं? हाय का नाई रे?"

तळातून, पांढऱ्यातून विटकरी होत होत, काहीतरी वर आलं. आणि समुद्राच्या पाण्याची एक जाड, गार पिचकारी सरळ आईच्या तोंडावर बसली. चष्मा उडाला. कुंकू गेल्यापासून रिकामं असलेलं कपाळ, नाक, तुळशीची माळ, पदर, सगळं चिंब. खारं पाणी ओठांवर आलं तशी ती थुंकली, डोळे चोळले, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ड्रममध्ये बघून किंचाळली:

"मुडद्या, जित्ता हायेस त सांगत काऊन नाई रे!"